वरचा फोन, खालची गाडी

१

मालतीबाईंच्या लेकीने आईचा शेवटचा फोन कापला, ही बातमी हैदराबादच्या गौलीगुड्याच्या गल्लीत मालतीबाई गेल्याच्या बातमीबरोबरच फिरली.

वैशाखातली दुपार होती. मालतीबाई न्हाणीघराच्या दाराशी पडल्या. हातात त्यांचा जुना बटणांचा फोन होता. त्यातलं पहिलं बटण दाबून धरलं की थेट सुजाताला लागायचा. ते बटण त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं. दिवेलागणीला शेजारणीने दार ढकललं, तेव्हा अंगठा बटणावरच होता. लवकर आणलं असतं तर, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं.

सुजाताचा फोन त्या दुपारी बंद पडला होता. पुण्याहून धाकटा भाऊ श्रीकांत आला. तिचा फोन त्याने चार्जिंगला लावला आणि उघडून बघितला. आईचा एकच फोन आत पोचला होता. नुसता चुकलेला असता तर गोष्ट वेगळी होती. तो कापलेला होता.

श्रीकांत ओरडला नाही. बसलेल्या बायकांच्या, पुरुषांच्या देखत त्याने फोन बहिणीच्या मांडीवर ठेवला.

"ताई, आधी कापलास आणि मग बंद करून ठेवलास. तेराव्याला येऊ नकोस."

सुजाताचा नवरा शिवराज तिच्या शेजारीच उभा होता. कॉलेजात शिकणारी लेक नेहा मागे होती. कुणी काही बोललं नाही. सुजाता रडली नाही. तिला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, उन्हाची झळही लागत नव्हती. पाटा धुऊन उभा करून ठेवावा तशी ती झाली होती.

दोन-चार दिवसांनी ती शैलामावशीकडे गेली. शैला म्हणजे मालतीबाईंची पाठची बहीण. नामपल्लीच्या फौजदारी कोर्टात वकिली करून निवृत्त झालेली. अफझलगंजच्या लायब्ररीमागे दोन खोल्यांत एकटीच राहायची. बहीण गेल्यापासून तिनेही खिडकीचा पडदा सारला नव्हता.

"मावशी, मला कापल्याचं आठवत नाही," सुजाता म्हणाली. "पण सकाळी आमची कुरबूर झाली होती. सारखी फोन करतेस म्हणून मी बोलले तिला. झोपेत उठून कापला असेन का गं मी? तू शोध. मीच असेन तर मीच म्हणून सांग. मला फक्त कळू दे."

शैलाने तिच्याकडे पाहिलं. कोर्टात असं बोलणारी माणसं तिने थोडी पाहिली होती. बहुतेकांना सुटायचं असतं.

"मीच असले तरी सांग, असं म्हणालीस ना?"

"हो."

"मग चल. घर दाखव."

२

सुजाताचा फ्लॅट बरकतपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. खाली सेलर. हैदराबादेत इमारतीखालच्या गाडीतळाला सगळे सेलरच म्हणतात. घरात फोनला रेंज नव्हती, फक्त मागच्या धुण्याच्या बाल्कनीत यायची. त्यामुळे घरातले सगळे फोन त्या बाल्कनीच्या कठड्यावर रांगेने बसत, जशा चिमण्या. फोन वाजला की ज्याचा असेल त्याने धावायचं, हा या घरचा रिवाज.

त्या दुपारी नेहा कॉलेजात, शिवराज ऑफिसात. तो हायटेक सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मेट्रोने जायचा, मेट्रोने यायचा. सुजाता घरात एकटी. दाराला आतून कडी. पुढच्या खोलीत कूलर लावून ती झोपली. उठून बाल्कनीत गेली तर फोन काळा पडलेला.

शैलाने कडी पाहिली, कठडा पाहिला, वाकून खाली पाहिलं. खाली सेलरचा उतार होता आणि उताराच्या तोंडाशीच सुजाताच्या घरची पांढरी गाडी. वर चढून यायला पाइप नाही, शिडी नाही.

"घरात तू एकटी, कडी आतून," ती म्हणाली. "फोन कापणारं बोट तुझंच दिसतंय, सुजा."

"म्हणूनच तर तुला आणलं."

शैला कठड्याला टेकून उभी राहिली. बहिणीची एक ओवी तिच्या मनात घोळत होती. दळण कांडण नसलेल्या शहरात मालती ती मिक्सरच्या आवाजावर म्हणायची:

लेकीच्या जातीला गं उंबरे दोन गावा
एक दिव्याला ठावा, एक वाऱ्याला ठावा

मग तिने वकिलासारखं विचारायला घेतलं. सकाळी फोन भरलेला होता का? काठोकाठ, सुजाता म्हणाली. मग दुपारी मेला कसा? तसा तो हल्ली रोजच मरत होता. तिला वाटलं जुना झाला. आबिड्सला जाऊन नवी बॅटरी टाकून आणली, तरी तेच. बाल्कनीतून उचलावा तर तव्यासारखा तापलेला. ऊन लागतं म्हणून टॉवेलाखाली ठेवला, तर टॉवेलाखालीही तापला.

"रोज मरायचा. मरायचा नाही असा दिवस कुठला?"

हे सुजाताला कुणी विचारलं नव्हतं. तिने आठवून पाहिलं. आईकडे गौलीगुड्याला जायची त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकायचा. सुटीच्या दिवशी, शिवराज घरी असताना, टिकायचा. आणि मध्ये गाडी काही दिवस बंद पडली होती, तेव्हाही टिकला होता.

"गाडीला काय झालेलं?"

"काही नाही गं. उभ्या उभ्या तिचीही बॅटरी उतरायची."

शैला कठड्यावरून सरळ झाली. एक जीव वर मरत होता, एक खाली. तेही एकाच वेळी.

३

खाली वॉचमन रामय्या खुर्चीत कलंडला होता. गाडीचं विचारल्यावर त्याने दोन्ही हात वर केले.

"गाडी हिलीच नै मा. मेकॅनिक आया, बॅटरी डाला, गया. फिर डौन. सार को बोल्या मैं, अंदर कुछ चालू रैता बोलके."

अंदर कौन बैठता, असं शैलाने विचारलं. रामय्याने गेटकडे बोट दाखवलं. त्याची खुर्ची गेटला, गाडी पार मागे. आणि दुपारी डोळा लागतो, ते त्याने न सांगताच कळत होतं.

गाडीच्या किल्ल्या दोन. एक दाराजवळच्या खुंटीवर, एक शिवराजच्या बॅगेत. म्हणजे घरच्या तिघांतलं कुणीतरी. सुजाता स्वतः गाडी चालवत नव्हती आणि फोन बंद पडायचा तेव्हा ती वरच असायची.

नेहा कॉलेजातून आली. शैलाने तिला स्वयंपाकघरात बसवून चुरमुऱ्यांचं ताट पुढे केलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, गाडीत बसतेस का गं अधूनमधून? पोरगी आधी हसली. लाइट घे ना आजी, एवढं काय त्यात, म्हणाली. मग चुरमुरे चिवडत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू वितळला.

बसते, ती म्हणाली. सुमित म्हणून एक मित्र आहे. घरात रेंज नाही, बाल्कनीत बोललं की अख्खी बिल्डिंग ऐकते. म्हणून खाली गाडीत बसून बोलते. आजी गेल्यापासून तिला झोप नव्हती. गाडीचा स्क्रीन लागला की तो घरातला फोन पकडतो हे तिला माहीत होतं. आई बदनाम झाली आणि आपण गप्प राहिलो, हे तिला रोज टोचत होतं.

"मीच असेन आजी. माझ्याकडूनच कट झाला असेल. मामाला सांगून टाक ना."

दारात सुजाता उभी होती. तिने लेकीकडे पाहिलं आणि काहीच न ऐकल्यासारखी गॅस बारीक केला.

४

शैलाने मात्र कबुलीजबाब पुष्कळ पाहिले होते. भीतीपोटी दिलेला वेगळा असतो आणि आठवणीतून आलेला वेगळा.

"मला गाडीतलं काही कळत नाही," ती नेहाला म्हणाली. "खाली चल आणि दाखव. सुजा, तू वर थांब. तुझा फोन रोजच्या जागी ठेव. हात लावू नकोस, नुसती बघ."

दोघी गाडीत बसल्या. गाडी भट्टीसारखी तापली होती. नेहाने किल्ली अर्धीच फिरवली. इंजिन लागलं नाही, पण पंखा सुटला आणि समोरचा स्क्रीन उजळला. थोडा वेळ तो स्वतःशीच फिरत राहिला. मग त्यावर नकाशा आला, सुजाताची गाणी आली. वरून सुजाता कठड्यावर वाकून म्हणाली, फोनवर गाडीचं चित्र आलं.

नेहा समजावू लागली. गाडीतला स्क्रीन म्हणजे नुसता आरसा. राबणारा वर बसलेला. नकाशा काढायचा फोनने, जागा शोधायची फोनने, गाणं पाठवायचं फोनने, तेही बिनतारी. मध्ये स्लॅब असला की जोडणी तुटते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते, आणि दर वेळी फोनची दमछाक होते. गाडी चालवताना आपण वायर लावतो म्हणून कळत नाही. इथे वायर कुठली?

"म्हणजे कुणी खाली बसलं, की वर तुझ्या आईचा फोन झिजायचा."

"हौ."

शैलाने पिशवीतून मालतीचा बटणांचा फोन काढला. तो तिने श्रीकांतकडून मागून आणला होता. पहिलं बटण दाबून धरलं.

गाडीभर घंटी वाजली. स्क्रीनवर भल्या मोठ्या अक्षरांत नाव आलं. आई. खाली एक हिरवं वर्तुळ, एक लाल.

वर बाल्कनीत सुजाता पुतळ्यासारखी उभी होती. फोन तिच्यासमोर थरथरत होता आणि तिच्या आईचं नाव दाखवत होता. नेहाने तोंडावर हात धरला.

शैलाने बोट पुढे केलं आणि लाल वर्तुळावर टेकवलं. खाली शांत झालं, वरही शांत झालं.

कडी आतून होती, हे खरंच होतं. पण कापणारं बोट घरात नव्हतंच.

५

"आता मला सांग," शैला नेहाला म्हणाली, "तू बसतेस तेव्हा या स्क्रीनवर कुणाची गाणी असतात?"

माझी, नेहा म्हणाली. बसल्या बसल्या ती आईचा फोन तोडून स्वतःचा जोडते. नाहीतर तिचं बोलणं स्पीकरवर कसं येणार?

"मग तू बसल्यावर आईचा फोन झिजत नाही. आणि तुझ्या आजीचा फोन या गाडीत वाजत नाही. तू नव्हतीस, बाळा."

त्या दुपारी नेहाचं प्रॅक्टिकलही होतं, पण शैलाला त्याची गरज पडली नाही. जो बसला होता, त्याचा स्वतःचा फोन गाडीला ओळखत नव्हता. ओळखत असता तर गाडीने आधी तोच धरला असता. शैलाने विचारलं, ही गाडी पहिल्यांदा कुणाला शोधते? बाबांच्या फोनला, नेहा म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. बाबांचा फोन हल्ली जोडला जात नाही. रविवारी गाणी आईच्याच फोनवरची लागतात. बाबांनी फोन बदललाय ना. आधीचा कंपनीचा होता, चांगला. आताचा साधाच आहे. कंपनीने परत घेतला, म्हणाले.

कंपनीने परत घेतला. शैलाने ते शब्द मनात ठेवून दिले. फोन परत घेणारी कंपनी आणखी काय काय परत घेते, हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवराज डबा घेऊन ऑफिसला निघाला. सूर्य माथ्यावर आल्यावर शैला सेलरच्या उतारावरून खाली गेली. गाडीच्या काचा थोड्या उघड्या होत्या. पुढच्या सीटवर शिवराज बसला होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची नुसती दोरी, मांडीवर लॅपटॉप. गाडीच्या स्क्रीनवर त्याने टॉवेल टाकला होता. सासूबाई गेल्या त्या दुपारनंतर तो रोज टाकत होता.

शैला दुसऱ्या बाजूने आत येऊन बसली. तो दचकला नाही. लॅपटॉप मिटला.

"कधीपासून, शिवराज?"

"होळीच्या आधीपासून." आवाजात काहीच नव्हतं. "वाटलं, दुसरी मिळाली की एकदमच सांगू. सासूबाई सगळीकडे सांगायच्या, आमचे जावई मॅनेजर. बेगम बाजारात मिरच्या घेतानाही सांगायच्या. कॅफेत ओळखीचे भेटतात. इथे कुणी येत नाही. पंखा लावला की बसता येतं. काल तेवढा वर तुमचा आवाज आला, म्हणून मेट्रो स्टेशनवर जाऊन बसलो."

"त्या दिवशी?"

त्याने टॉवेलाचं टोक सरळ केलं.

"घंटी वाजली. केवढ्याने. रामय्या येईल, असं वाटलं. उचलला तर आईंना माझा आवाज कळला असता. वर सुजाताकडेही वाजतोय, कापला तर त्या पुन्हा करतील, ती घेईल. असं वाटलं. मी कापला, मावशी. मग थोड्या वेळात स्क्रीनच गेला. फोन संपला असणार तिचा. मला वाटलं, बरं झालं."

"मग?"

"मग मी डबा खाल्ला."

शैला समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर पाण्याचे ओघळ वाळून नकाशा झाला होता.

"मी सांगणार नाही तिला," ती अखेर म्हणाली. "माझ्याकडून कळलं तर तुम्ही दुसऱ्यांदा गप्प राहिलात असं होईल. वर चला."

६

सुजाता मेथी निवडत बसली होती. शिवराज तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं. नोकरी आधी, मग गाडी, मग लाल वर्तुळ. मध्ये कुठे थांबला नाही. नेहा दाराला धरून उभी होती. सुजाताचे हात चालतच होते. पानं एकीकडे, देठं एकीकडे.

सगळं संपल्यावर तिने विचारलं, आईचा आवाज आला का? नाही, तो म्हणाला. उचललाच नाही ना.

तिने मान हलवली. मनाशी कधी तरी तिने धरलं होतं, की ज्या घडीला कळेल त्या घडीला काहीतरी सुटेल, बांध फुटेल, निदान डोळ्यांत पाणी येईल. पण काही झालं नाही. जड काहीतरी या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकलं, एवढंच. तिचा तो खांदा नव्हता, पण शेजारचाच होता. त्याच ताटात जेवणारा.

"नोकरी गेली, ते मला सांगितलं असतंत तर मी डबा कमी भरला असता, बाकी काही नाही," ती म्हणाली. "फोन कापलात, तेही एक वेळ समजते. माणूस घाबरतो. पण श्रीकांतने तो फोन माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

शिवराजने जमिनीवर पडलेलं एक देठ उचललं.

"मला रोज वाटायचं, झोपेत उठले असेन. बाल्कनीपर्यंत चालून पाहायचे मी, डोळे मिटून. जमतं का बघायला. तुम्ही बघत होतात ते. पाय लागेल म्हणून वाटेतली बादली बाजूला केलीत."

नेहाने आईचा फोन उचलला आणि आत जाऊन काहीतरी करत बसली. गाडीशी आपोआप जुळायचं तेवढं तिने बंद केलं. वायर लावली तरच जुळेल असं ठेवलं, आणि गाडीला फोनवरून जे जे मागायची मुभा होती, त्यातलं बरंच काढून टाकलं. दुसरं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

"श्रीकांतला लावा," सुजाता नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या फोनवरून. इथेच, माझ्यासमोर."

शिवराज बाल्कनीत गेला, कारण रेंज तिथेच. त्याच्यामागून सुजाता गेली आणि मग शैला. श्रीकांतने फोन उचलला. शिवराजने पुन्हा सगळं सांगितलं, नोकरी, गाडी, लाल वर्तुळ. या वेळी दोनदा थांबला. पलीकडे गौलीगुड्यात भांड्यांचा आवाज होत होता, उद्याच्या तेराव्याची तयारी चालू असावी. मग तो आवाजही बंद झाला. शिवी नाही, जाब नाही.

"ताईला द्या," श्रीकांत म्हणाला.

सुजाताने फोन कानाला लावला. लहानपणी रुसवे अडायचे ते कुणी आधी बोलायचं यावर; आज ती आधी बोलली.

"श्रीकांत," ती म्हणाली, "सकाळी मी तिला बोलले होते रे. सारखी करू नकोस म्हणून. ते खरंय. पण मला ऐकू आला असता तर..."

"उचलला असतास," श्रीकांत म्हणाला. "माहितीये मला. उचलला असतास, ताई."

सुजाताने कठडा धरला. आता कुठे, इतक्या दिवसांनी, तो तिच्या हाताला चटका देण्याइतका तापलेला लागला. तिने हात तसाच ठेवला.